वाचकांचे प्रश्न : ब्लॉक ड्रायव्हरमधला दोष शोधताना

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे लिनक्स कर्नलमधील ब्लॉक डिव्हाइस ड्रायव्हरसंबंधी, म्हणजे डिस्कसारख्या साठवण-साधनांशी कर्नलचे व्यवहार सांभाळणाऱ्या कोडसंबंधी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्तरांमध्ये ‘बीएलके-एमक्यू’ ही अनेक रांगांची रचना गृहीत धरली आहे. ही रचना जानेवारी २०१४ मध्ये ३.१३ या आवृत्तीत आली आणि मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीत जुनी एका रांगेची पद्धत कर्नलमधून काढून टाकण्यात आली. त्यामुळे जुन्या उदाहरणांवरून ड्रायव्हर लिहायला घेतलेल्यांचा कोड आजच्या कर्नलवर कम्पाइलच होणार नाही, आणि तो कसाबसा जुळवून घेतला तरी त्यातली जुनी गृहीतके तशीच राहून जातात. पहिल्या पत्रातील अडचण याच जातीची आहे.

प्रश्न : आमच्या बोर्डावरील साठवण-चिपसाठी मी ब्लॉक ड्रायव्हर लिहिला आहे. डिस्क दिसते, तिच्यावर एक्स्ट४ फाइल सिस्टीम तयार होते आणि माउंटही होते. लहान फाइली ठीक राहतात. मोठी फाइल कॉपी करून लगेच चेकसम (मजकूर बदलला का ते दाखवणारी संख्या) काढला तर तो जुळतो, पण अनमाउंट करून पुन्हा माउंट केल्यावर जुळत नाही. बिघडलेला भाग नेहमी ४०९६ बाइटांच्या सीमेवर सुरू होतो. एक्स्ट४ ऐवजी एक्सएफएस वापरून पाहिली, तरी तेच. माझा ड्रायव्हर रिक्वेस्ट (कर्नलकडून येणारी वाचन-लेखनाची मागणी) आली की सुरुवातीचा सेक्टर (डिस्कवरील ५१२ बाइटांचा तुकडा) घेतो, ‘बीएलके_आरक्यू_कर_बाइट्स’ सांगेल तितके बाइट चिपकडे पाठवतो आणि ‘बीएलके_एमक्यू_एंड_रिक्वेस्ट’ बोलावून मोकळा होतो. दोष चिपमध्ये असेल का?

उत्तर : दोष चिपमध्ये असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि तसे म्हणण्याचा आधार आपल्याच पत्रात आहे. ‘बीएलके_आरक्यू_कर_बाइट्स’ हे फंक्शन रिक्वेस्टची एकूण लांबी सांगत नाही. ते फक्त चालू सेगमेंटची, म्हणजे मेमरीतील एका सलग तुकड्याची, लांबी सांगते. ब्लॉक स्तर शेजारशेजारच्या सेक्टरांवरील लेखने एकत्र करून एकच मोठी रिक्वेस्ट बनवतो, त्यामुळे एका रिक्वेस्टमध्ये अनेक ‘बायो’ (वाचन-लेखनाचे मूळ घटक) आणि प्रत्येक ‘बायो’मध्ये मेमरीच्या वेगवेगळ्या पानांवर पसरलेले अनेक सेगमेंट असू शकतात. आपला ड्रायव्हर त्यातला पहिला सेगमेंट चिपकडे पोचवतो आणि संपूर्ण रिक्वेस्ट पूर्ण झाल्याचे कर्नलला कळवतो. सोळा पाकिटांपैकी एक पोचते करून सोळांचीही पोच देणाऱ्या टपालवाल्यासारखा हा व्यवहार आहे. कर्नलला या पोचेवर अविश्वास दाखवण्याचे कारण नसते. तो ती पाने ‘लिहून झाली’ असे नोंदवतो, कुठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही, आणि उरलेल्या पंधरा पानांचा मजकूर पेज कॅशमधून, म्हणजे फाइलींच्या मेमरीतील प्रतींमधून, ती पाने जाईपर्यंत शाबूत दिसत राहतो.

कॉपी केल्याबरोबर काढलेला चेकसम जुळतो तो यामुळेच. ते वाचन डिस्कपर्यंत गेलेलेच नसते. म्हणून ब्लॉक ड्रायव्हरची कोणतीही तपासणी करताना आधी ‘सिंक’ करून नंतर ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ लिहावे, किंवा सरळ डायरेक्ट, म्हणजे पेज कॅश टाळून, वाचन करावे. हा क्रम पाळावा लागतो, कारण ‘ड्रॉप_कॅशेस’ फक्त स्वच्छ पाने टाकून देते. न लिहिलेली पाने तशीच राहतात.

फाइल सिस्टीम तयार करताना काही बिघडले नाही, याला फारसे महत्त्व देऊ नये. एक्स्ट४ तयार करणारा प्रोग्रॅम आयनोडच्या तक्त्यांचा मोठा भाग सहसा लिहीतच नाही. ते काम माउंट झाल्यावर कर्नल सावकाश करतो. शिवाय त्या वेळी जे लिहिले जाते त्यात शून्यांचा भरणा मोठा असतो, आणि जी चिप आधीच शून्यांनी भरलेली आहे तिच्यावर शून्ये लिहिण्याचे राहून गेले तर फरक दिसणार कसा? लहान फाइली ठीक राहतात हे निरीक्षणही तितकेसे पक्के नाही. एका पानात मावणारी फाइल एका सेगमेंटमध्ये जाते, म्हणून ती वाचते. परंतु पुष्कळ लहान फाइली एकदम कॉपी केल्या, त्या डिस्कवर लागोपाठ बसल्या आणि त्यांची लेखने एकत्र झाली, तर त्यांचीही तीच गत होईल.

कोडला हात लावण्यापूर्वी हे निदान सिद्ध करून घ्यावे. त्यासाठी ‘सिसएफएस’मध्ये (कर्नल आपली माहिती व सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) त्या डिस्कच्या ‘क्यू’ फोल्डरमधील ‘मॅक्स_सेक्टर्स_केबी’ या फाइलीत ४ लिहावे आणि तीच मोठी फाइल पुन्हा कॉपी करावी. पान ४०९६ बाइटांचे असेल तर आता प्रत्येक रिक्वेस्ट एका पानापुरतीच राहील. एवढ्याने बिघाड थांबला आणि जुनी मर्यादा परत घालताच तो पुन्हा दिसू लागला, तर दोष सेगमेंटच्या हिशेबात आहे यात शंका उरत नाही. ‘नोमर्जेस’ फाइलीत २ लिहून एकत्रीकरण बंद करण्याचा प्रयोगही पुष्कळजण करतात. पण तो येथे अपुरा पडेल, कारण एकटा ‘बायो’देखील अनेक पानांचा असू शकतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. ‘आरक्यू_फॉर_ईच_सेगमेंट’ वापरून सर्व सेगमेंटवरून फिरावे, प्रत्येकाचे पान तात्पुरते मॅप करून त्यातील बाइट पाठवावेत, चिपवरील स्थान तितकेच पुढे सरकवावे आणि सर्व सेगमेंट संपल्यावरच पूर्तता कळवावी. किंवा प्रत्यक्ष जितके बाइट हलले तितकेच ‘बीएलके_अपडेट_रिक्वेस्ट’ला सांगावेत आणि ते ‘अजून शिल्लक आहे’ म्हणत असेपर्यंत पुढचा सेगमेंट घेत राहावे. पहिला मार्ग वाचायला सोपा आहे आणि मी तोच सुचवेन. मात्र ‘बायो’च्या आतील सेगमेंटची सारणी स्वतः उघडून वाचण्याच्या मोहात पडू नये. ५.१ आवृत्तीपासून त्या सारणीतील एक नोंद मेमरीत सलग असलेल्या अनेक पानांची असू शकते, आणि ‘एक नोंद म्हणजे फार तर एक पान’ असे गृहीत धरणारा कोड मेमरी विखुरलेली असताना बरोबर चालतो व सलग पाने मिळू लागली की बिघडतो. असा दोष मशीन नुकते सुरू केले असताना दिसतो आणि दिवसभर चालल्यावर नाहीसा होतो, म्हणून तो पकडणे फार कष्टाचे जाते.

दुरुस्ती केल्यावर परीक्षा फाइल सिस्टीमवर घेऊ नये. ती थेट डिस्कवर घ्यावी, आणि तीही असा मजकूर लिहून की चूक झाल्यास तिचा प्रकारही कळेल. प्रत्येक ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक आणि लेखनाच्या फेरीचा क्रमांक लिहावा. ‘एफआयओ’ या डिस्कवर भार टाकणाऱ्या साधनाच्या पडताळणीच्या सोयीनेही चूक झाल्याचे कळते, पण आपला छोटा प्रोग्रॅम असला म्हणजे निष्कर्ष अधिक बोलका मिळतो. वाचताना सेक्टरमध्ये आधीच्या फेरीचा क्रमांक आला, तर लेखन झालेलेच नाही. दुसऱ्याच सेक्टरचा क्रमांक आला, तर पत्ता चुकला आहे. सेक्टरचा अर्धा भाग नवा आणि अर्धा जुना असेल, तर हस्तांतर मध्येच तुटले आहे किंवा डीएमए (प्रोसेसरच्या मदतीविना होणारे मेमरी-हस्तांतर) आणि प्रोसेसरची कॅश यांचा मेळ बसलेला नाही. ही परीक्षा ५१२ बाइट, ४ केबी, ६४ केबी आणि १ एमबी अशा वेगवेगळ्या आकारांनी घ्यावी. चूक कोणत्या आकारापासून सुरू होते हा स्वतंत्र पुरावा असतो.

पत्ता चुकण्याची दोन कारणे वारंवार दिसतात. पहिले असे की, कर्नलमध्ये सेक्टर हे एकक नेहमी ५१२ बाइटांचे असते, मग डिव्हाइसचा लॉजिकल ब्लॉक ४०९६ बाइटांचा का असेना. ‘सेट_कपॅसिटी’ला द्यायची संख्याही याच एककात असते; ती ४०९६ च्या हिशेबाने दिली की डिस्क आठपट लहान दिसते, आणि हे लगेच लक्षात येते. उलट रिक्वेस्टच्या सेक्टर-क्रमांकाला ४०९६ ने गुणले, तर मजकूर चुकीच्या जागी जातो आणि तेच गुणाकार करून परत वाचलाही जातो, त्यामुळे डिस्कचा पहिला अष्टमांश भरेपर्यंत सगळे बरोबर असल्याचा भास होतो. दुसरे कारण गुणाकाराच्या रुंदीचे आहे. सेक्टर-क्रमांक ३२ बिटांच्या चलात घेऊन तो ९ बिट डावीकडे सरकवला, तर ८३८८६०८ व्या सेक्टरशी, म्हणजे बरोबर ४ जीबीवर, उत्तर पुन्हा शून्यावर येते आणि त्यापुढचे लेखन डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर, फाइल सिस्टीमची मूळ नोंद असलेल्या सुपरब्लॉकसकट, फिरते. चल चिन्हांकित असेल तर हा घोळ २ जीबीवरच होतो. सरकवण्यापूर्वी संख्या ६४ बिटांची करून घेणे हाच त्यावर इलाज.

प्रश्न : माझ्या ड्रायव्हरमधील कंट्रोलर ३२ कमांड एकाच वेळी घेतो आणि पूर्ण झाल्यावर इंटरप्ट देतो. हलक्या भाराखाली सर्व ठीक चालते. ‘एफआयओ’ने भार वाढवला की काही वेळाने प्रोसेस अडकतात, ‘१२० सेकंदांहून अधिक काळ अडकलेली’ असा संदेश लॉगमध्ये येतो, किल -९ चा उपयोग होत नाही आणि मॉड्यूल काढायला गेले तर तेही अडकते. तपासासाठी ड्रायव्हरमध्ये ‘प्रिंटके’ घातले की अडचण दिसेनाशी होते. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : ‘प्रिंटके’ घातल्यावर अडचण जाते, याचा अर्थ ती वेळेच्या क्रमावर अवलंबून आहे. म्हणजे दोन प्रोसेसरांवरील कामांची शर्यत आहे, आणि कन्सोलवर संदेश छापण्यात जाणारा वेळ ती शर्यत मोडतो. यापुढे ‘ट्रेस_प्रिंटके’ वापरावे. ते मेमरीतील बफरमध्ये लिहिते आणि वेळेवर त्याचा परिणाम बराच कमी होतो.

लॉगमधील त्या संदेशाबरोबर येणारा स्टॅक वाट पाहत बसलेल्या प्रोसेसचा असतो, दोषी कोडचा नसतो. तो वाचून ‘एक्स्ट४ मध्ये अडकले आहे’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आपल्याला शोधायचे आहे ते हरवलेल्या रिक्वेस्टचे ठिकाण. ती ड्रायव्हरकडे आलीच नाही, की ड्रायव्हरने घेतली पण कंट्रोलरला दिली नाही, की कंट्रोलरने पूर्ण केली पण ड्रायव्हरने कळवले नाही? ‘सिसएफएस’मधील ‘इनफ्लाइट’ ही फाइल वाटेत असलेल्या वाचनांची व लेखनांची संख्या सांगते. भार थांबल्यावरही ती शून्यावर येत नसेल, तर ‘डीबगएफएस’मध्ये (तपासासाठी कर्नल दाखवतो त्या फाइलींत) त्या डिस्कच्या प्रत्येक हार्डवेअर-रांगेखाली असलेल्या ‘बिझी’ आणि ‘डिस्पॅच’ या फाइली पाहाव्यात. ‘बिझी’मध्ये अडकलेल्या रिक्वेस्टचा टॅग, म्हणजे ओळख-क्रमांक, मिळतो. तो समजा १७ असेल, तर कंट्रोलरच्या स्थिती-रजिस्टरमध्ये १७ व्या कमांडचे काय झाले ते वाचावे, आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

‘बिझी’ रिकामी आणि ‘डिस्पॅच’ भरलेली असेल, तर ड्रायव्हरने कधीतरी ‘आत्ता जागा नाही’ म्हणून रिक्वेस्ट परत केली आणि रांग पुन्हा चालवायची राहून गेली. येथे दोन उत्तरांतील भेद नीट समजून घ्यावा. ‘बीएलके_एसटीएस_रिसोर्स’ परत केले, तर रांग पुन्हा चालवण्याची काळजी ब्लॉक स्तर घेतो. ‘बीएलके_एसटीएस_डेव्ह_रिसोर्स’ परत केले, तर जागा मोकळी झाल्यावर रांग नक्की चालवली जाईल अशी हमी ड्रायव्हर देत असतो. हमी न पाळता दुसरे उत्तर देणारा ड्रायव्हर हलक्या भाराखाली कधीच अडकत नाही, कारण जागा संपण्याची वेळच येत नाही. ज्यांनी ‘बीएलके_एमक्यू_स्टॉप_एचडब्ल्यू_क्यू’ने रांग स्वतः थांबवली आहे, त्यांनी ती सुरू करण्याची जागाही तपासावी.

‘बिझी’मध्ये टॅग आहे आणि कंट्रोलर ‘काम झाले’ म्हणतो आहे, अशी स्थिती निघाली, तर ‘क्यू_आरक्यू’ या, ब्लॉक स्तराकडून रिक्वेस्ट घेणाऱ्या, फंक्शनमधील ओळींचा क्रम पाहावा. माझा सर्वाधिक संशय याच जागेवर आहे. कंट्रोलरला नवे काम आल्याचे कळवणाऱ्या डोअरबेल रजिस्टरमध्ये लिहिले की त्याच क्षणापासून कमांड पूर्ण होऊ शकते आणि तिचा इंटरप्ट दुसऱ्या प्रोसेसरवर येऊ शकतो, ‘क्यू_आरक्यू’ अजून परतलेलेही नसताना. म्हणून ‘बीएलके_एमक्यू_स्टार्ट_रिक्वेस्ट’ आणि टॅगसंबंधीची आपली सर्व नोंद डोअरबेलच्या आधी व्हायला हवी. नोंद नंतर होत असेल, तर वेगवान उत्तर मिळालेल्या एखाद्या कमांडच्या वेळी इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला ती कमांड ओळखूच येत नाही. तो ती सोडून देतो, आणि ती रिक्वेस्ट कायमची लटकते. आपण घातलेला ‘प्रिंटके’ डोअरबेलच्या आधी असो वा नंतर, कामाचा वेग मंदावल्याने ही गाठ पडेनाशी झाली असावी.

इंटरप्टमध्ये आणि ‘क्यू_आरक्यू’मध्ये एकच स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) वापरत असाल, तर तो इंटरप्ट बंद करणाऱ्या प्रकारानेच घ्यायला हवा. हे डोळ्यांनी तपासत बसण्याचे कारण नाही. ‘प्रूव्ह_लॉकिंग’ हा पर्याय चालू करून कर्नल बांधला, तर प्रत्यक्ष कोंडी झाली नसतानाही लॉकच्या वापरातील विसंगती कर्नल स्वतः दाखवून देतो. ‘डीबग_ॲटॉमिक_स्लीप’ हा पर्यायही सोबत असावा, कारण ‘क्यू_आरक्यू’मध्ये झोपण्याची परवानगी नसते, ती हवी असेल तर रांगा तयार करतानाच ‘बीएलके_एमक्यू_एफ_ब्लॉकिंग’ हे निशाण द्यावे लागते. आणि मोकळ्या करून टाकलेल्या मेमरीला हात लागत असेल, तर ‘केसॅन’ ते सांगते. हे तिन्ही पर्याय कर्नलला मंद करतात, त्यामुळे शर्यत दडून बसू शकते. म्हणून परीक्षा त्यांच्यासह आणि त्यांच्याविना, दोन्ही प्रकारे घ्यावी.

भार वाढल्यावरच होणारी आणखी एक कोंडी मेमरीची असते. ‘क्यू_आरक्यू’त किंवा त्याने जागे केलेल्या वर्कक्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) ‘जीएफपी_कर्नल’ने मेमरी मागितली आणि मेमरी कमी असली, तर कर्नल मळलेली, म्हणजे अजून न लिहिलेली, पाने डिस्कवर लिहून जागा करू पाहतो. ती डिस्क आपलीच असली, तर मेमरी मिळण्यासाठी लेखन पूर्ण व्हायला हवे आणि लेखन पूर्ण होण्यासाठी मेमरी मिळायला हवी. या वाटेवर ‘जीएफपी_नोआयओ’ वापरावे, शक्य तिथे मेमरी आधीच राखून ठेवावी, आणि वर्कक्यू ‘डब्ल्यूक्यू_मेम_रीक्लेम’ निशाणाची असावी.

मॉड्यूल काढताना होणारी अडचण हा वेगळा दोष नाही. ‘डेल_जेनडिस्क’ वाटेतल्या सर्व रिक्वेस्ट पूर्ण होण्याची वाट पाहते. एक हरवली असेल तर ते वाट पाहतच राहणार. किल -९ निष्प्रभ ठरते तेही प्रोसेस ‘डी’ अवस्थेत, म्हणजे सिग्नल न ऐकणाऱ्या झोपेत असल्यामुळे.

राहिला टाइमआउट. रिक्वेस्टची मुदत सामान्यतः ३० सेकंद असते, परंतु ड्रायव्हरने ‘टाइमआउट’ फंक्शन दिलेले नसेल तर मुदत संपल्यावर कर्नल घड्याळ फक्त पुन्हा लावतो आणि काहीच बोलत नाही. ते फंक्शन जरूर लिहावे, पण मूळ शर्यत सापडण्यापूर्वी नको, कारण मग दोष झाकला जाईल आणि वर एक धोकाही येईल. मुदत संपली म्हणून रिक्वेस्ट बंद केली, तिचा टॅग नव्या रिक्वेस्टला मिळाला, आणि त्यानंतर जुन्या कमांडचा उशिरा आलेला इंटरप्ट त्याच टॅगने आला, तर नवी रिक्वेस्ट मजकूर पोचण्याआधीच पूर्ण ठरते. म्हणजे अडकण्याचा दोष जाऊन डेटा बिघडण्याचा दोष पदरात पडतो. टाइमआउट झाल्यावर कमांड खरोखर रद्द झाल्याची कंट्रोलरकडून खात्री करून किंवा कंट्रोलर रीसेट करूनच टॅग सोडावा. एनव्हीएमईच्या (वेगवान एसएसडींच्या) ड्रायव्हरने याच काळजीपोटी १६ बिटांच्या कमांड-क्रमांकातील ४ बिट पिढी मोजण्यासाठी ठेवले आहेत, म्हणजे जुन्या पिढीचे उत्तर ओळखून बाजूला टाकता येते. आपल्या कंट्रोलरच्या क्रमांकात मोकळे बिट असतील, तर ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

प्रश्न : ‘एफसिंक’ (मजकूर डिस्कवर पक्का उतरवण्याची मागणी) यशस्वी झाल्यानंतर काही क्षणांनी वीज तोडली, तर कधीकधी लिहिलेला मजकूर नाहीसा होतो. ड्रायव्हर सर्व सेगमेंट बरोबर लिहितो याची खात्री केली आहे. काही जण ‘डीएम-लॉग-राइट्स’ वापरायला सांगतात. त्याने काम होईल का?

उत्तर : त्याने होणार नाही. ‘डीएम-लॉग-राइट्स’ आपल्या ड्रायव्हरच्या वर बसते आणि फाइल सिस्टीमने लेखने व फ्लश (कॅशमधील मजकूर कायमच्या माध्यमावर उतरवण्याच्या मागण्या) कोणत्या क्रमाने पाठवले ते नोंदवते. फाइल सिस्टीम तपासण्यासाठी ते उत्तम साधन आहे. ड्रायव्हरने त्या फ्लशचे पुढे काय केले हे त्याला दिसत नाही.

आधी ‘क्यू’ फोल्डरमधील ‘राइट_कॅश’ ही फाइल वाचावी. डिव्हाइसमध्ये वीज गेल्यावर रिकामी होणारी कॅश असूनही तिथे ‘राइट थ्रू’ (अशी कॅश नाही) असे दिसत असेल, तर ड्रायव्हरने कॅश असल्याचे जाहीरच केलेले नाही. अशा वेळी ब्लॉक स्तर फ्लशच्या मागण्या वरच्यावर यशस्वी ठरवून परत करतो आणि ड्रायव्हरपर्यंत एकही फ्लश येत नाही. जुन्या कर्नलमध्ये त्या फाइलीत स्वतः ‘राइट बॅक’ लिहून पाहता येत असे, पण त्यानेही फक्त कर्नलची समजूत बदले, डिव्हाइसची अवस्था बदलत नसे. जाहीर करण्याचे काम ड्रायव्हरमध्येच व्हायला हवे : पूर्वी त्यासाठी ‘बीएलके_क्यू_राइट_कॅश’ हे फंक्शन होते, ६.११ आवृत्तीपासून ते रांगेच्या मर्यादांमध्ये ‘बीएलके_फीट_राइट_कॅश’ या निशाणाने सांगायचे असते.

जाहीर केल्यावर ‘आरईक्यू_ओपी_फ्लश’ प्रकारच्या रिक्वेस्ट येऊ लागतील. त्यांत मजकूर शून्य बाइटांचा असतो; प्रत्येक रिक्वेस्ट वाचन नाहीतर लेखनच आहे असे मानणारा कोड त्यांना ‘काही करायचे नाही, झाले’ म्हणून परत करतो आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो. ज्या लेखनांची पूर्तता आधीच कळवली आहे ती सर्व कायमच्या माध्यमावर उतरल्यावरच फ्लश पूर्ण झाल्याचे कळवावे. त्याच वेळी वाटेत असलेल्या लेखनांची हमी फ्लशमध्ये अभिप्रेत नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी थांबण्याची गरज नाही.

परीक्षेला खरोखर वीज तोडण्याला पर्याय नाही. चढत्या क्रमाचे अंक लिहीत जाणारा प्रोग्रॅम चालवावा. प्रत्येक अंकासाठी ‘एफसिंक’ परतल्यावरच तो अंक सीरियल तारेवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवावा. रिलेने मधेच वीज तोडावी. आणि पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्या मशीनकडे नोंदलेला शेवटचा अंक डिस्कवर आहे का ते पाहावे. डिस्कवर त्याहून मोठा अंक सापडला तर चिंता नाही. लहान सापडला, तर ड्रायव्हर किंवा डिव्हाइस खोटे बोलले आहे.

प्रश्न : मॉड्यूल भरताच कर्नल कोसळतो. ‘ॲड_डिस्क’च्या पुढच्या ओळीत मी बफर तयार करतो, तिथपर्यंत कोड पोचतच नाही.

उत्तर : ‘ॲड_डिस्क’ परत येण्यापूर्वीच कर्नल विभाजनांचा तक्ता शोधण्यासाठी डिस्क वाचतो. म्हणजे पहिली रिक्वेस्ट त्या फंक्शनच्या आतूनच येते, आणि आपला बफर तेव्हा अस्तित्वात नसतो. बफर, लॉक, इंटरप्ट, डिस्कची क्षमता हे सगळे आधी तयार ठेवून ‘ॲड_डिस्क’ अगदी शेवटी बोलवावे, आणि अलीकडच्या कर्नलमध्ये त्याचे परत येणारे मूल्यही तपासावे.

प्रश्न : आमचा ड्रायव्हर जुन्या कर्नलवर व्यवस्थित चालत होता, नव्या कर्नलवर अधूनमधून डेटा बिघडतो. ड्रायव्हरची एकही ओळ बदललेली नाही. दोष कर्नलचा मानून ‘गिट बायसेक्ट’ करावे का, म्हणजे दोन आवृत्त्यांमधील बदलांतून दोष आणणारा बदल शोधावा का?

उत्तर : करावे, पण दोष कर्नलचा आहे हे आधीच ठरवून नव्हे. ड्रायव्हरमध्ये पूर्वीपासून असलेले चुकीचे गृहीतक नव्या कर्नलच्या वेगळ्या वागण्यामुळे उघडे पडणे अधिक वेळा घडते. पहिल्या उत्तरातील अनेक पानांच्या नोंदीचे उदाहरण तसेच आहे. तरीही कर्नल दोषी असू शकतो, आणि त्याचे गाजलेले उदाहरण ४.१९ या आवृत्तीचे आहे. २०१८ च्या अखेरीस त्या आवृत्तीवर एक्स्ट४ फाइल सिस्टीम बिघडत असल्याच्या तक्रारी आल्या आणि साहजिकच प्रथम संशय एक्स्ट४ वर गेला. प्रत्यक्षात दोष ‘बीएलके-एमक्यू’मध्ये होता. रिक्वेस्टचा क्रम लावणारा शेड्यूलर ‘नन’ (म्हणजे नाहीच) असताना रिक्वेस्ट थेट ड्रायव्हरकडे दिली जाई. ड्रायव्हरने ‘व्यग्र आहे’ म्हणून ती परत केली की ती रांगेत जाई आणि तिथे तिच्यात दुसरे लेखन मिसळले जाऊ शके. पण स्कझी स्तराने (डिस्कशी बोलणाऱ्या कर्नलच्या एका भागाने) मेमरीतील पानांची यादी आधीच्या लहान रिक्वेस्टप्रमाणे तयार करून ठेवलेली असे, आणि वाढलेल्या रिक्वेस्टसाठी ती जुनी यादी चुकीची ठरे. ब्लॉक स्तराचे देखभालकर्ते जेन्स ॲक्सबो यांनी केलेली दुरुस्ती डिसेंबर २०१८ मध्ये ४.१९.८ मध्ये आली.

या प्रकरणातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की, परीक्षेची सगळी परिस्थिती प्रत्येक टप्प्यावर तीच राखावी लागते. तिथे शेड्यूलर बदलला की दोष दिसत नसे; त्यामुळे एका टप्प्यावर ‘नन’ आणि दुसऱ्यावर ‘एमक्यू-डेडलाइन’ असे चालले असते, तर बायसेक्टने भलत्याच बदलाकडे बोट दाखवले असते. म्हणून कर्नलचे कॉन्फिगरेशन, शेड्यूलर, रांगेची खोली आणि भार एका स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवावेत आणि दर वेळी तीच स्क्रिप्ट चालवावी. लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असले, तरी निम्मे-निम्मे करत चौदाएक टप्प्यांत नेमका बदल सापडतो. मात्र अधूनमधून दिसणाऱ्या दोषात ‘वाईट’ हा निकाल पक्का असतो आणि ‘चांगला’ हा निकाल नुसता संभाव्य असतो. तेव्हा ज्ञात वाईट कर्नलवर दोष दिसायला जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते आधी मोजावे, आणि कोणत्याही टप्प्याला ‘चांगला’ म्हणण्यापूर्वी त्याच्या कित्येक पट वेळ परीक्षा चालू ठेवावी.

बायसेक्टने दाखवलेला बदल हाती आला की तो लगेच उलटवून पॅच पाठवू नये. तो बदल ‘नल_ब्लक’ या कर्नलसोबत येणाऱ्या मॉड्यूलवर, म्हणजे हार्डवेअर नसलेल्या साध्या ब्लॉक ड्रायव्हरवर, त्याच स्क्रिप्टने तपासावा. त्यासाठी ते मॉड्यूल ‘मेमरी_बॅक्ड’ पर्यायाने सुरू करावे लागते, नाहीतर लिहिलेला मजकूर ते साठवतच नाही. तिथेही डेटा बिघडला तर ब्लॉक स्तराच्या देखभालकर्त्यांना कळवण्याजोगा पुरावा आपल्याकडे आहे. तिथे बिघडला नाही, तर त्या बदलाने ब्लॉक स्तराच्या वागण्यात काय फरक पडला ते वाचून आपल्या ‘क्यू_आरक्यू’कडे परत यावे.